तीन आखूड, एक लांब

वकिलीच्या पहिल्याच कामात मी मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर उभा राहिलो, "साहेब" एवढं म्हणालो आणि थांबलो. पुढचं काही केल्या आठवेना. साहेब माझ्याकडे बघताहेत, माझा अशील माझ्याकडे बघतोय आणि मी छताकडे बघतोय. इतक्यात मागच्या खिडकीतून हलक्या, पण भिंतीपलीकडेही जाईल अशा आवाजात कुणीतरी म्हणालं, "माझ्या अशिलाचं म्हणणं असं की…" मी ताबडतोब म्हणालो, "माझ्या अशिलाचं म्हणणं असं की!" आणि मग माझी गाडी जी सुटली ती साहेबांनी हात वर करीपर्यंत थांबली नाही.

बाहेर येऊन बघतो तो खिडकीखाली एक किडकिडीत गृहस्थ उकिडवे बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पहिला प्रवेश अडखळतोच. पण 'साहेब' झकास टाकलंत."

हे प्रॉम्प्टरबुवा. पुढे चार वर्षं नाशिकच्या कचेरीसमोरच्या ओट्यावर आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी आत खोलीत, खुर्चीवर, मामांचा जुना काळा कोट घालून अशिलाची वाट बघत असे, आणि बुवा बाहेर घोंगडीवर बसून लोकांचे अर्ज लिहीत असत. त्यांच्या घोंगडीपुढे रांग असे. माझ्या खुर्चीपुढे असे ती फक्त कचेरीतली मांजर.

बुवा मूळचे नाटक कंपनीतले. नाटक चालू असताना विंगेत पुस्तक धरून बसायचं आणि नट अडला की त्याला पुढचं वाक्य पुरवायचं, हे काम त्यांनी वीस वर्षं केलं. कंपनीचा मुक्काम नाशकात असताना गावात बोलपट आले आणि कंपनीला घरघर लागली. नायक मुंबईला पळाला, नायिकेचं काम करणारे गृहस्थ मिशा वाढवून आपल्या गावी गेले, पडदे कुणी नेले ते आजतागायत कळलेलं नाही. कंपनी मोडली हे बुवांना म्हणे तिसऱ्या दिवशी समजलं, कारण ते विंगेत बसून घंटेची वाट बघत होते. मी एकदा त्यांना हे खरं का म्हणून विचारलं. बुवा दुखावले. म्हणाले, "तिसऱ्या नाही, दुसऱ्या दिवशी."

वीस वर्षं उजव्या विंगेत बसल्यामुळे त्यांची मान डावीकडे कलली होती ती कायमची. ते कुणाकडेही समोरून बघत नसत. बोलत ते ओठांच्या कोपऱ्यातून, कुजबुजत, आणि ती कुजबुज पिटातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाई. त्यांचा मोकळा आवाज कसा आहे हे नाशकात कुणालाच ठाऊक नव्हतं.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे समोरचा जरा थांबला की बुवा त्याला पुढचा शब्द देत. माणसानं श्वास घ्यायला थांबायचीही सोय नव्हती. गोदाघाटावर कीर्तन चालू असताना बुवांनी मागून एका नामांकित कीर्तनकारांना ओवीचा पुढचा चरण सांगितला. ते मुद्दाम थांबले होते, लोकांना डोलायला वेळ मिळावा म्हणून. त्यांनी बुवांना घाटाच्या पायऱ्या चढून वर जायला सांगितलं. दुसऱ्या वेळी आम्ही दोघे एका घरी समाचाराला गेलो होतो. मी तोंड पाडून बसलो होतो, काय बोलावं सुचत नव्हतं, तर शेजारून आवाज, "'फार मोठ्या मनाचा माणूस होता' म्हणा." घरच्या सगळ्या मंडळींनी ऐकलं. मला ते म्हणावंच लागलं आणि सुतकातल्या त्या घरात धाकटी सून पदर तोंडात कोंबून आत पळाली.

एकदा त्यांनी माझं फौजदारी कायद्याचं मराठी पुस्तक आठ दिवसांसाठी मागून नेलं. परत आलं तेव्हा पानोपानी शिसपेनीनं काही ना काही लिहिलेलं होतं. 'फिर्यादी प्रवेश करतो.' 'फौजदार जांभई देतो.' 'येथे शिपायाने चहा आणावा.' मी चिडलो, तर म्हणाले, "अहो, हे तर नाटकच आहे. फक्त ज्यानं बोलायचं त्यालाच पुस्तक कुणी देत नाही."

हे वाक्य त्यांनी कुजबुजत म्हटलं, पण माझ्या डोक्यातून ते काही गेलं नाही. कचेरीच्या आवारात रोज जी माणसं दिसत त्यांचं हेच होतं. कुणाची शेळी गेलेली, कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाच्या शेताचा बांध रात्रीत सरकलेला. चौकीत जाऊन उभी राहत, फौजदार "काय रे?" म्हणाला की सगळं विसरत आणि "काही नाही साहेब" म्हणून घरी येत. खरं सांगायचं तर मीही तसाच होतो, फरक एवढाच की माझ्या अंगावर कोट होता.

बुवांनी यावर इलाज काढला तो तालमीचा. अर्ज लिहून देण्याआधी ते फिर्यादीची तालीम घेत. स्वतः फौजदार होत. मला शिपाई करत. मी सनदी वकील, पण त्यांच्या पुढ्यात माझं काही चालत नसे. फिर्यादीनं ओट्याच्या पायरीवरून यायचं, नाव सांगायचं, काय झालं, कुठे झालं, केव्हा झालं ते सांगायचं आणि शेवटी, कितीही दरडावलं तरी, तीन वाक्यं म्हणायचीच. "हे लिहून घ्या. मला वाचून दाखवा. मग मी अंगठा करतो."

"आणि नाहीच घेतलं लिहून तर?" लोक विचारत.

"तर पडदा पडला असं समजायचं नाही," बुवा म्हणत. "चौकी हा पहिला अंक. तिथे ऐकलं नाही की सगळी हकिगत कागदावर लिहून पोलीस सुपरिंटेंडेंटसाहेबांना पोस्टानं, रजिस्टर करून पाठवायची. हा दुसरा अंक. तिथेही काही हललं नाही की सरळ मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून शपथेवर सांगायचं. हा तिसरा. लोक पहिल्याच अंकात उठून घरी जातात आणि म्हणतात, नाटक पडलं."

हमीदाबी आमच्या ओट्यावर आली ती रमजानात. भद्रकालीकडे राहणारी, पस्तिशीची विधवा बाई. घरात शिवणकाम करायची. तिचं हातानं फिरवायचं शिवणयंत्र चोरीला गेलं होतं आणि ते कुणी नेलं हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मेनरोडला एक कापडवाले शेट होते. त्यांच्याकडे पोलिसांच्या वर्द्या शिवायचं मोठं काम आलं होतं. यंत्रं कमी पडत होती. त्यांनी हमीदाबीला यंत्रासकट दुकानात बसायला बोलावलं. तिनं नाही म्हटलं, कारण गल्लीतल्या ईदेच्या कपड्यांचं काम तिनं आधीच अंगावर घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली असताना दोघे जण घरात शिरले आणि यंत्र उचलून चालते झाले. शेजारणीनं त्यांना शेटच्या दुकानाच्या मागल्या दारानं आत जाताना पाहिलं.

"तीन डाव गेले चौकीत," हमीदाबी म्हणाली. "फौजदारसाब म्हणतात, मशीन कुठं ठेवलं ते विसरली असशील. मशीन म्हणजे काय सुई हाय का, विसरायला? घरात चाळीस जोड कापून पडलेत वकीलसाब. ईद तीन हप्त्यांवर आली. लेकरं येतात आणि दारातनं विचारतात, खाला, माझा कुर्ता झाला का? काय सांगू त्यांना?"

"तुझं यंत्र तू ओळखशील का?" मी वकिली चातुर्यानं विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे कागद चाळत बसलो. मग म्हणाली, "अम्मीनं निकाहात दिलेली मशीन हाय. हाताच्या चाकाचा एक दात तुटलाय. दुसऱ्या कुणी चालवली तर तीन टाके आखूड घालते आणि चौथा लांब. मी चालवली तर नाय घालत."

"का नाही घालत?"

"ती मला ओळखते म्हणून."

बुवा एकदम उठून बसले. "तीन आखूड, एक लांब," ते कुजबुजले आणि घोंगडीवर बोटांनी ठेका धरला. "वा! यंत्राला लय आहे!" त्या दिवसापासून ते कामाला लागले. हमीदाबीची तालीम त्यांनी स्वतः चार वेळा घेतली. फौजदार होऊन तिच्यावर ओरडले. आधी बाई घाबरली, मग हसली, मग बुवांच्या अंगावर उलट ओरडली. बुवा खूश झाले. शेवटी त्यांनी तिला सगळं भाषण नीट कागदावर लिहून दिलं. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा शेजारच्या मास्तरणीकडून दोन दिवस वाचून घे आणि पाठ कर, असं ठरलं.

इथे बुवांची चूक झाली. चूक नव्हे, वीस वर्षांची सवय. कागदावर त्यांनी तिची वाक्यं लिहिली आणि मधून मधून, नाटकाच्या पुस्तकात असतात तशा, कंसात सूचनाही लिहिल्या. आता कंस डोळ्यांना दिसतात, वाचून दाखवताना ऐकू येत नाहीत. मास्तरणीनं सगळं सरळ वाचलं. हमीदाबीनं सगळं सरळ पाठ केलं.

चौकीत ती सकाळी गेली. बुवा बाहेरच्या खिडकीखाली आणि त्यांच्याशेजारी मी, सनदी वकील, गटाराच्या कडेला एका पायावर. आत फौजदार टेबलावर पाय ठेवून बसले होते.

"रामराम फौजदारसाहेब," हमीदाबीनं खणखणीत सुरुवात केली. "दोन पावलं पुढे यावं. माझं नाव हमीदाबी, राहणार भद्रकाली. येथे श्वास घ्यावा. गेल्या बुधवारी सकाळी मी पाण्याला गेले असता दोन इसमांनी माझ्या घरातून माझं शिवणयंत्र उचलून नेलं. ओढणी डोळ्यांना लावावी, पण रडू नये. शेजारणीनं त्यांना शेटच्या दुकानात शिरताना पाहिलं. आवाज चढवावा."

आवाज तिनं चढवला नाही. फक्त "आवाज चढवावा" असं म्हणाली आणि पुढे गेली. खिडकीखाली बुवांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आत फौजदारांचे पाय टेबलावरून खाली आले. ते आधी खोकले, मग हसू लागले, मग त्यांना हसता हसता खुर्ची धरावी लागली. "हवालदार!" ते ओरडले. "लिही, लिही! शब्दन् शब्द लिही. संध्याकाळी क्लबात वाचून दाखवतो. बाई, पुन्हा सांग, पहिल्यापासून!"

हमीदाबीनं पहिल्यापासून सांगितलं. नावासह, श्वासासह, ओढणीसह.

हवालदार सिन्नरकडचा साधा माणूस. साहेबांनी 'लिही' म्हटलं की लिहायची वही त्याला एकच ठाऊक होती. त्यानं फिर्यादीची वही उघडली आणि टाकाचं टोक जिभेला लावून लिहायला लागला. खिडकीतून मी ते पाहिलं आणि बुवांचा दंड असा आवळला की त्यांच्या तोंडावरचा हात खाली आला. तीन वेळा हाकलून लावलेली फिर्याद फौजदार हसत हसत लिहून घेत होते.

भाषण संपत आलं आणि हमीदाबी थांबली. बुवांना वाटलं, बाई अडली. "'हे लिहून घ्या…'" ते कुजबुजले. ती गप्प. "'हे लिहून घ्या, मला वाचून दाखवा…'" आता ही कुजबुज समोरच्या पानवाल्यानंही ऐकली. तरी ती गप्पच. ती हवालदाराच्या पायांकडे बघत होती. मग खाली वाकली आणि तिनं त्याच्या नव्याकोऱ्या खाकी हाफपँटची कडा दोन बोटांत धरली.

"आगं बाई, काय करतीस!" हवालदार टाकासकट उडाला. "सायेब, हिला सांगा की! लय वंगाळ दिसतं हे!"

"थांब रे भाऊ," हमीदाबी कडा न सोडता म्हणाली. "तीन आखूड, एक लांब. तीन आखूड, एक लांब. ही शिवण माझ्या मशीनीची हाय!"

नव्या वर्द्या सगळ्यांनाच त्याच आठवड्यात मिळाल्या होत्या. दारातला शिपाई मान वाकडी करून आपल्या मांडीकडे बघायला लागला. त्याच्या शेजारचा त्याच्या मागे जाऊन बघायला लागला. आणि मग, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, फौजदारांनीही टेबलाखाली हळूच आपल्या विजारीची शिवण पाहिली. त्यांचं हसू बंद झालं.

"फाड ते पान," ते म्हणाले.

तेवढ्यात खिडकीतून एक आवाज आला. भरदार, घुमणारा, राजाचं काम करणाऱ्या नटाला शोभेल असा. "पानावर छापील आकडा आहे, साहेब! आता फाडता येत नाही! वाचून दाखवा आणि बाईंचा अंगठा घ्या!"

मी दचकून इकडे तिकडे बघितलं. मग कळलं की हे बुवा बोलले. त्यांनाही कळलं असावं, कारण ते लगेच खाली बसले आणि पुन्हा कुजबुजले, "जास्त झालं का?" मला त्या क्षणी त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. गटार होतं म्हणून मारली नाही.

हवालदारानं सगळं वाचून दाखवलं, 'रडू नये' सकट. हमीदाबीनं अंगठा केला. पहिला अंक असा पार पडला.

पण नाटक तिथे संपलं नाही. फौजदार रोज म्हणत, "तपास चालू आहे." तपास चालू होता तो बहुधा नवीन विजारीचा, कारण दुसऱ्या दिवसापासून ते जुनी घालायला लागले. आम्ही सुपरिंटेंडेंटसाहेबांना रजिस्टर पत्र घातलं. ते पत्र वरून शेरा घेऊन पुन्हा त्याच फौजदारांकडे आलं. ईद बारा दिवसांवर आली. हमीदाबी रोज येऊन ओट्याच्या पायरीवर बसे आणि काही न बोलता आमच्याकडे बघे. बुवा तिला काही सुचवत नसत. मग आम्ही मॅजिस्ट्रेटसमोर गेलो. तिनं शपथेवर सगळं सांगितलं, साहेबांनी शेटच्या दुकानाच्या झडतीचा हुकूम काढला आणि मागच्या खोलीत यंत्र सापडलं. शेट म्हणाले, ते माझंच आहे, सात वर्षांपासून.

सुनावणीला कोर्ट खच्चून भरलं. शेटचे वकील बडे होते. त्यांनी फिर्यादीच्या वहीतलं ते पान मागवलं आणि भर कोर्टात मोठ्यानं वाचलं. 'येथे श्वास घ्यावा' आलं तेव्हा लोक हसायला लागले, 'रडू नये' आलं तेव्हा पट्टेवाल्याला हसू आवरेना. वकील म्हणाले, "साहेब, ही फिर्याद नव्हे, हे नाटक आहे. बाईला सगळं पढवलंय. पढवणारा तो पाहा, खिडकीत बसलाय!"

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. बुवांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांच्याच कंसांपायी बाईचं यंत्र जाणार होतं आणि ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी उभा राहिलो. "साहेब," मी म्हणालो आणि थांबलो. मला एक शब्द सुचेना. मी खिडकीकडे पाहिलं. बुवांचे ओठ मिटलेले होते. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे पुढचं वाक्य नव्हतं.

तेव्हा हमीदाबीच बोलली. "साब, बोलणं शिकवलेलं हाय. शिवणं नाय शिकवलं कुणी. मशीन आणा हितं. शेटचा माणूस चालवू दे, मग मी चालवते."

शेटचे वकील हरकत घ्यायला उठले, पण मॅजिस्ट्रेटसाहेबांना मजा वाटली असावी. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवायला लावलं. शेटच्या दुकानातला शिंपी आला. चांगला कसबी माणूस. त्यानं कापडाच्या तुकड्यावर एक रेघ शिवली. साहेबांनी चष्मा लावून पाहिली. तीन आखूड, एक लांब. शिंप्यानं पुन्हा शिवली, सावकाश शिवली, तेल घालून शिवली. तीन आखूड, एक लांब. साहेब म्हणाले, "हवालदार, जरा जवळ या." साक्षीला आलेला हवालदार लाजत लाजत टेबलापाशी आला, आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांनी भर कोर्टात वाकून त्याच्या हाफपँटची शिवण कापडाच्या तुकड्याशी ताडून पाहिली. कुणीही हसलं नाही. हवालदारानं छाती पुढे काढली होती.

मग हमीदाबी बसली. तिनं आधी ओढणीनं यंत्र पुसलं. एका हातानं चाक धरलं आणि तीन टाके झाले की दुसऱ्या हाताच्या करंगळीनं कापड हलकेच मागे धरत गेली. ते इतकं सहज होतं की मला ते नंतर विचारून समजलं. शिवण सरळ पडली. एकसारखी, मुंगीच्या वाटेसारखी. तिनं हवालदाराला विचारलं, "भाऊ, तुझी बी नीट करून देऊ का?" आणि साहेबांनी हातोडी शोधली, पण ती सापडेना, कारण तेही हसत होते.

यंत्र टांग्यातून घरी गेलं. नऊ दिवस उरले होते. हमीदाबीनं ते दिवस कसे काढले कुणास ठाऊक, पण ईदेला भद्रकालीत सगळ्या लेकरांच्या अंगावर नवे कुर्ते होते. शेटचं आणि त्या दोघा इसमांचं पुढे व्हायचं ते झालं. मला सांगायचंय ते ईदेच्या दुसऱ्या दिवसाचं.

हमीदाबी शीरखुर्म्याचा डबा आणि एक गाठोडं घेऊन ओट्यावर आली. गाठोड्यात बुवांसाठी कोट होता. बुवांना आयुष्यात कुणी कपडा शिवून दिला नव्हता. कंपनीत त्यांना नटांचे उतरलेले कोट मिळत, त्यामुळे ते कधी सरदार दिसत तर कधी खलनायक. हा कोट त्यांच्या मापाचा होता, डावीकडे कललेल्या मानेच्या सुद्धा. माप कधी घेतलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "तालमीत. माझ्या अंगावर ओरडत होते तवा." शिवण सगळी एकसारखी होती. फक्त आतल्या खिशाची तिनं वेगळी घातली होती. बुवांनी खिसा उलटा करून पाहिला. तीन आखूड, एक लांब.

"मुद्दाम सोडलीय," हमीदाबी म्हणाली. "उद्या कुणी चोरला तर चौकीत सांगायला तुमच्यापाशी ओळख पायजे ना बुवाजी."

बुवा कोट घालून उभे राहिले. ओट्यावर पाचपंचवीस माणसं जमली होती, हवालदारसुद्धा आला होता. सगळे बुवा काही बोलतील म्हणून थांबले. बुवांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. साऱ्या नाशकाला शब्द पुरवणारा तो माणूस कोटाच्या खिशात हात घालून नुसता उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला राहवेना. मी त्यांच्या मागे सरकलो आणि ओठांच्या कोपऱ्यातून कुजबुजलो, "'शुक्रिया' म्हणा."

बुवांनी मान वर केली आणि त्या भरदार आवाजात, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "शुक्रिया म्हणा!"